मोबाईलमधल्या प्रत्येक ॲपला गंडवणारी युक्ती टॉम किलबर्नच्या टीमनं १९६२ मध्येच करून दाखवली होती

मोबाईलवर दहा ॲप उघडी असली, तरी प्रत्येकाला वाटतं की सगळी मेमरी आपल्याच बापाची. तसं नसतं. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, प्रत्येकाला मेमरीचे नकली पत्ते देतो आणि मागच्या मागे खऱ्या जागेशी जुळवतो. याला म्हणतात व्हर्च्युअल मेमरी. ती पहिल्यांदा चालवून दाखवली टॉम किलबर्नच्या टीमनं.

टॉमचा जन्म १९२१ चा, यॉर्कशायरमधल्या ड्यूसबरीचा. केंब्रिजला गणित शिकला आणि महायुद्धात, १९४२ मध्ये, रडारच्या कामाला लागला. तिथं त्याचे साहेब होते फ्रेडी विल्यम्स. युद्धानंतर दोघं मँचेस्टर विद्यापीठात आले. टीव्हीच्या पिक्चर ट्यूबसारख्या नळीत आकडे साठवायचं त्यांनी जमवलं आणि ते तपासायला छोटं मशीन बांधलं, बेबी. २१ जून १९४८ ला त्यावर टॉमचा प्रोग्रॅम चालला. कॉम्प्युटरच्याच इलेक्ट्रॉनिक मेमरीत साठवून चाललेला हा जगातला पहिला प्रोग्रॅम. मेमरी किती? १२८ बाइट. मराठीतला एक गुड मॉर्निंग मेसेज मावायची मारामार.

पुढं मशीन वाढली, पण दुखणं तेच राहिलं. वेगवान मेमरी भयंकर महाग, आणि स्वस्तातला चुंबकी ड्रम संथ. कुठला तुकडा कधी आत आणायचा, कधी बाहेर टाकायचा, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानंच बघायचं. जीव त्यातच जायचा.

मग आलं ॲटलस, ७ डिसेंबर १९६२ ला. टॉमच्या टीमनं मेमरीची ५१२ शब्दांची पानं पाडली. वेगवान मेमरीत अशी फक्त ३२ पानं मावायची, पण प्रोग्रॅमला दिसायची दहा लाख शब्दांची सलग जागा. हवं ते पान आत नसेल तर मशीन स्वतः ड्रमवरून आणायचं. जागा करायला कुठलं पान बाहेर काढायचं, हेही मागचा वापर बघून तेच ठरवायचं.

गंमत म्हणजे मूळ ॲटलस मोजून तीन बनली. कल्पना मात्र सगळ्यांनी उचलली.

अँड्रॉइडच्या पोटातल्या लिनक्स कर्नलमध्ये प्रत्येक प्रोग्रॅमच्या मेमरीच्या पट्ट्यांची नोंदवही असते. दोन पट्टे लागून असले आणि परवानग्या वगैरे सारख्या असल्या, की कर्नल त्यांची एकच नोंद करतो. शेजारच्या दोन तुकड्यांचा एकच सातबारा केल्यासारखं. एकात फक्त वाचायची मुभा आणि दुसऱ्यात लिहायचीही असेल, तर एकत्रीकरण नाही. कारण चुकून जोडले, तर जिथं हात लावायचा नाही तिथंही लिहिता येईल. आणि जोडलेच नाहीत, तर नोंदी फुगतात. एका प्रोग्रॅमला साधारण ६५ हजार नोंदींचीच मर्यादा असते, ती संपली की नवी जागा मिळत नाही.

टॉम १९६४ पासून मँचेस्टरच्या कॉम्प्युटर सायन्स विभागाचा प्रमुख होता, १९८१ मध्ये निवृत्त झाला. सुट्टीला घरच्यांना घेऊन ब्लॅकपूलला जायचा, पण मँचेस्टर युनायटेडच्या सीझनच्या पहिल्या मॅचला परत हजर. १९९८ मध्ये बेबीची प्रतिकृती मँचेस्टरमध्ये सुरू झाली, तेव्हाही तो होता. १७ जानेवारी २००१ ला तो गेला.