मीर उस्मान अली खान आणि हैदराबाद स्क्वाड्रन

मीर उस्मान अली खान (जन्म : एप्रिल १८८६, हैदराबाद, मृत्यू : २४ फेब्रुवारी १९६७, हैदराबाद) हे असफजाही घराण्यातील सातवे आणि शेवटचे सत्ताधारी निजाम होते. आजचा हिंगोली जिल्हा त्यांच्या हैदराबाद संस्थानाच्या परभणी जिल्ह्यात मोडत असे. उस्मानिया विद्यापीठाची स्थापना, अफाट संपत्ती आणि १९४८ मधील पोलीस कारवाई यांमुळे त्यांचे नाव सर्वपरिचित आहे. दोन्ही महायुद्धांत त्यांनी दिलेल्या देणग्यांतून ब्रिटिश हवाई दलाच्या तीन स्क्वाड्रनांना हैदराबादचे नाव मिळाले, ही बाब मात्र तुलनेने कमी ज्ञात आहे. त्यांपैकी १५२ (हैदराबाद) स्क्वाड्रनची स्पिटफायर विमाने आज प्लास्टिकच्या प्रतिकृतींच्या रूपाने जगभरच्या छंदिष्टांच्या कपाटांत आढळतात.

राज्यारोहण आणि पहिले महायुद्ध

वडील मीर महबूब अली खान यांच्या निधनानंतर उस्मान अली खान १९११ मध्ये गादीवर आले. संस्थानाचे लष्करी जीवन त्याआधीच ब्रिटिशांशी जखडलेले होते. निजामाच्या खर्चाने आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणाऱ्या हैदराबाद कंटिंजंटची एक छावणी हिंगोलीला होती. १९०३ मध्ये ही फौज ब्रिटिश भारतीय सैन्यात विलीन झाली. पैसा संस्थानाचा आणि हुकूम ब्रिटिशांचा, ही रीत विमानांच्या बाबतीतही पुढे चालू राहिली.

पहिल्या महायुद्धात निजामांच्या देणगीतून ११० स्क्वाड्रनला डी. एच. ९ ए जातीची बॉम्बफेकी विमाने मिळाली. ऑगस्ट १९१८ च्या अखेरीस ती फ्रान्समध्ये दाखल झाली आणि जर्मनीतील शहरांवर दिवसाढवळ्या हल्ले करू लागली. विमानांच्या नाकाडावर ती निजामांची भेट असल्याचे रंगवलेले असे. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने निजामांना एक्झॉल्टेड हायनेस हा खास किताब दिला आणि ब्रिटिश सत्तेचा विश्वासू मित्र हे बिरुदही बहाल केले.

दोन युद्धांमधील काळ

१९०८ मधील मुसी नदीच्या महापुरानंतर हाती घेतलेली हैदराबाद शहराची पुनर्रचना, उस्मानसागर जलाशय आणि १९१८ मध्ये स्थापन झालेले, उर्दूतून उच्च शिक्षण देणारे उस्मानिया विद्यापीठ ही या कारकिर्दीतील मोठी कामे होत. फेब्रुवारी १९३७ मध्ये टाइम या अमेरिकी साप्ताहिकाने जगातील सर्वांत श्रीमंत मनुष्य म्हणून त्यांचे चित्र मुखपृष्ठावर छापले. त्याच काळात तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेला स्वतःच्या भाषेत शिक्षण आणि राज्यकारभारात वाटा मिळत नव्हता. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली. वंदे मातरम् म्हटल्याबद्दल वसतिगृहांतून व महाविद्यालयांतून काढलेल्या अनेक विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी नागपूर गाठावे लागले. हैदराबादच्या नावाची लढाऊ विमाने इंग्लंडच्या आकाशात उडू लागली ती या घटनांनंतर दोनच वर्षांनी.

दुसरे महायुद्ध

१५२ स्क्वाड्रन ऑक्टोबर १९३९ मध्ये पुन्हा उभारण्यात आली आणि १९४० च्या आरंभी तिला स्पिटफायर मिळाली. ब्रिटनच्या हवाई लढाईत वॉर्मवेल येथील तळावरून तिने पोर्टलंडच्या नौदल तळाचे व दक्षिण किनाऱ्याचे रक्षण केले. तिच्या मानचिन्हात निजामांचा दस्तार, म्हणजे पारंपरिक शिरोभूषण होते आणि ब्रीद म्हणून १९१८ मधील विश्वासू मित्र हेच बिरुद होते. २५३ (हैदराबाद संस्थान) स्क्वाड्रन याच लढाईत हॉकर कंपनीची हरिकेन विमाने घेऊन उतरली. ऑस्ट्रेलियाच्या आरमारातील एका विनाशिकेचे नावही निजाम होते.

भूमध्य समुद्राच्या परिसरातील मोहिमांनंतर १५२ स्क्वाड्रन १९४३ च्या अखेरीस भारतात आली आणि इंफाळ व ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपान्यांविरुद्ध लढली. या काळात तिच्या स्पिटफायरवर झेप घेणारा काळा बिबट्या रंगवलेला असे.

संस्थानाची अखेर

१९४७ मध्ये निजामांनी भारतात विलीन होण्यास नकार दिला. कासिम रझवीच्या रझाकारांनी मराठवाड्यातील गावांवर केलेले अत्याचार आणि स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील लढा यांनी पुढचे वर्ष व्यापले. ज्या संस्थानाच्या नावाची विमाने युरोपात लढली, त्याच्याजवळ स्वतःचे हवाई दल नव्हते. कराचीहून चोरट्या मार्गाने शस्त्रे आणण्यासाठी सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाची मदत घ्यावी लागली. महायुद्धाच्या सुरुवातीला स्पिटफायरवर कॅमेरे बसवून टेहळणी करण्याचा पाया याच कॉटनने घातला होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले, तेव्हा भारतीय हवाई दलाची टेंपेस्ट विमाने त्याच्या मदतीला होती. हरिकेनप्रमाणे टेंपेस्टही हॉकर कंपनीचेच. १७ सप्टेंबरला निजामांनी शरणागती पत्करली. हा दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो.

१९५० ते १९५६ या काळात ते हैदराबाद राज्याचे राजप्रमुख होते. १९६५ मध्ये त्यांनी देशाच्या संरक्षणासाठी पाच टन सोने दान केल्याची कथा वारंवार सांगितली जाते. प्रत्यक्षात त्यांनी ४२५ किलो सोने व्याज देणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण सुवर्ण रोख्यांत गुंतवले होते.

प्रतिकृती

युद्धविमानांच्या प्लास्टिक संचांत सुटे भाग एका चौकटीला जोडलेले असतात. ते कापून, घासून, चिकटवून रंगवायचे आणि शेवटी पाण्यात भिजवलेली चिन्हे पंखांवर व धडावर सरकवून बसवायची, अशी ही रीत आहे. १:७२ हे सर्वाधिक रूढ प्रमाण होय. त्यात सुमारे ११.२ मीटर पंखविस्ताराचे स्पिटफायर साडेपंधरा सेंटिमीटरांत मावते. १९५० च्या दशकात एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीने विमानसंचांची सुरुवात केली ती स्पिटफायरनेच.

एकाच साच्यातील विमान कोणत्या स्क्वाड्रनचे, हे केवळ चिन्हांवरून ठरते. त्यामुळे १५२ स्क्वाड्रनची यूएम ही अक्षरे किंवा काळा बिबट्या लावला की ते हैदराबादचे विमान होते. निजामांचा दस्तार मात्र स्क्वाड्रनच्या मानचिन्हावरच राहिला. या विमानांसाठी दिलेला पैसा ज्या तिजोरीतून आला, तिच्यात परभणी, हिंगोली, वसमत, कळमनुरीकडच्या शेतसाऱ्याचीही भर पडत होती.

११० स्क्वाड्रनचे एक खरे विमान मात्र टिकून आहे. एफ १०१० क्रमांकाचे हे डी. एच. ९ ए ऑक्टोबर १९१८ मध्ये जर्मनांच्या हाती लागले, पुढे बर्लिनच्या संग्रहालयात आणि नंतर पोलंडमधील क्राकूव येथे पोहोचले. १९७७ मध्ये ते ब्रिटनला परत मिळाले आणि लंडनच्या हेंडन येथील हवाई दल संग्रहालयात ठेवण्यात आले. त्याच्या बदल्यात पोलंडला एक स्पिटफायर देण्यात आले.