चौसष्ट डॉलरांचा बिशप

पदवी माणसाला मोठे करते, की माणूस पदवीला? हा प्रश्न आपल्याला नवा नाही. रावसाहेब, रावबहादूर, शास्त्री, महाराज, स्वामी अशा किती तरी बिरुदांनी आपला समाज पिढ्यान्‌पिढ्या नटलेला आहे. लग्नपत्रिकेवर नावाआधीचे एखादे अक्षर गळले तर घरात अबोला धरणारी माणसेही आपण पाहिली आहेत. व्यवहारात हे खपून जाते. धर्माच्या अंगणात मात्र ते टोचते, कारण तिथे मोठेपणाची पहिली पायरी नम्रतेची मानलेली असते. ख्रिस्ती धर्मात तर खुद्द येशूने आपल्या शिष्यांना गुरू किंवा पिता म्हणवून घेऊ नका, असे बजावले होते. तरीही त्याच्या अनुयायांत फादर आले, रेव्हरंड आले, बिशप आणि आर्चबिशपही आले.

मराठी बायबल वाचणाऱ्याला यातली एक गोष्ट चटकन उमगते. इंग्रजीत जिथे बिशप आहे तिथे मराठीत 'अध्यक्ष' आहे. एल्डरला 'वडील' म्हटले आहे आणि डीकनला 'सेवक'. बिशप या शब्दाच्या मुळाशी जो ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थ देखरेख करणारा, इतकाच. म्हणजे ही सारी कामाची नावे होती. पुढे ती मानाची नावे झाली. मानामागून झगा आला, झग्यामागून उंच आसन आले आणि अठराव्या शतकातल्या इंग्लंडात तर बिशप हा हाउस ऑफ लॉर्ड्‌समध्ये बसणारा एक सरदारच होऊन गेला.

त्याच शतकात, त्याच इंग्लंडातल्या एका माळ्याच्या मुलाला बिशप हे नाव चिकटले. ते त्याला पेलले का, हे पाहण्यासारखे आहे. त्या मुलाचे नाव फ्रान्सिस ॲस्बरी.

लोहारकामातून धर्मकार्यात

फ्रान्सिसचा जन्म ऑगस्ट १७४५ मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या हँड्सवर्थ भागात झाला. वडील जोसेफ बागकाम करून पोट भरत. आई एलिझाबेथ हिची थोरली मुलगी अगदी लहानपणी गेली. त्या दुःखात ती माउली धर्माकडे वळली आणि मुलालाही तिनेच ती गोडी लावली. शाळेत मास्तर बेदम मारी, म्हणून तेराव्या वर्षाच्या सुमारास पोराची शाळा सुटली. मग धातुकामाच्या भट्टीवर काही वर्षे उमेदवारी झाली. दिवसा हातोडा आणि संध्याकाळी प्रार्थनासभा, असा त्याचा क्रम होता. अठराव्या वर्षी तो प्रवचने करू लागला आणि एकविसाव्या वर्षी घर सोडून गावोगाव हिंडणारा उपदेशक झाला.

त्या वेळी इंग्लंडात जॉन वेस्ली यांची मेथडिस्ट चळवळ जोरात होती. वेस्ली ऑक्सफर्डचे विद्वान, चर्च ऑफ इंग्लंडचे दीक्षित धर्मगुरू. चर्चची दारे त्यांना बंद होऊ लागली, तेव्हा १७३९ पासून ते उघड्या मैदानात खाणकामगारांसमोर उभे राहू लागले. आपल्या मदतीला त्यांनी साधी माणसे घेतली. त्यांत सुतार होते, चांभार होते, शिपाईगडी होते. त्यांना त्यांनी कोणतीही मानाची पदवी दिली नाही. कुणी 'मदतनीस', कुणी 'साहाय्यक'. उपदेश करायचा, पण बाप्तिस्मा द्यायचा नाही, प्रभुभोजनाचा विधी करायचा नाही. तो अधिकार फक्त दीक्षित पाळकांचा.

१७७१ च्या ऑगस्टमध्ये ब्रिस्टलच्या परिषदेत वेस्लींनी विचारले, अमेरिकेला कोण जाईल? पुढे आलेल्यांत सव्वीस वर्षांचा ॲस्बरी होता. जहाजावर त्याने रोजनिशीत स्वतःलाच विचारून ठेवले, की मी मानासाठी चाललो आहे का, पैशासाठी चाललो आहे का? दोन्हींचे उत्तर त्याने नकारार्थी लिहिले. २७ ऑक्टोबरला तो फिलाडेल्फियाला उतरला. इंग्लंडला तो पुन्हा कधीच गेला नाही. पदरच्या तुटपुंज्या मिळकतीतून आईवडिलांना पैसे मात्र धाडत राहिला. वडील १७९८ मध्ये गेले, आई १८०२ मध्ये. दोघांपैकी कुणाचेही मुख त्याला पुन्हा दिसले नाही.

पाळकाविना मंडळी

चार वर्षांत अमेरिकेत स्वातंत्र्ययुद्ध पेटले. वेस्लींनी राजाची बाजू घेणारे पत्रक काढले आणि अमेरिकेतला प्रत्येक मेथडिस्ट इंग्रजांचा हेर ठरला. वेस्लींनी पाठवलेले इतर उपदेशक एकेक करून मायदेशी परतले. ॲस्बरी एकटा मागे राहिला. हत्यार धरायला भाग पाडील अशी शपथ घ्यायला त्याने नकार दिला आणि डेलावेअर प्रांतात एका न्यायाधीशाच्या घरी आसरा घेतला.

खरा पेच पुढेच होता. चर्च ऑफ इंग्लंडचे बहुतेक पाळक देश सोडून गेले होते. मेथडिस्टांची संख्या पंधरा हजारांच्या घरात पोहोचली होती. पण त्यांच्या मुलांना बाप्तिस्मा द्यायला कुणी नव्हते. व्हर्जिनियातल्या काही उपदेशकांनी १७७९ मध्ये एकमेकांच्या मस्तकावर हात ठेवून आपसांतच दीक्षा उरकली. ॲस्बरीने त्यांना कसेबसे थोपवले. वेस्लींनी लंडनच्या बिशपना विनंती केली, अमेरिकेसाठी एका माणसाला तरी दीक्षा द्या. बिशपांनी नकार दिला.

तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांच्या वेस्लींनी सारे आयुष्य टाळलेली गोष्ट केली. प्राचीन चर्चमध्ये 'वडील' आणि बिशप ही एकच पायरी होती, असे त्यांचे वाचनाअंती मत झाले होते. त्या आधारावर सप्टेंबर १७८४ मध्ये ब्रिस्टलला त्यांनी दोघांना स्वतःच दीक्षा दिली आणि डॉ. थॉमस कोक याला 'सुपरिंटेंडंट' नेमून अमेरिकेला धाडले. ॲस्बरीलाही तेच पद द्यावे, अशी आज्ञा होती. वेस्लींचे सख्खे भाऊ चार्ल्स यांना हे मुळीच रुचले नाही. त्यांनी त्यावर बोचरी कविता रचली.

इथे ॲस्बरीने एक शहाणपण दाखवले. साहेबांनी नेमले म्हणून मी पद घेणार नाही, माझ्या सोबत्यांनी निवडले तरच घेईन, असे त्याने सांगितले. निरोपे घोड्यांवरून धावले. १७८४ च्या नाताळात बॉल्टिमोरच्या चर्चमध्ये साठेक उपदेशक जमले आणि त्यांनी एकमताने कौल दिला. लागोपाठ तीन दिवसांत ॲस्बरी सेवक, वडील आणि सुपरिंटेंडंट अशा तीन पायऱ्या चढला.

एका शब्दाचे भांडण

सुपरिंटेंडंट हा शब्द लॅटिन वळणाचा, बिशप ग्रीक वळणाचा. अर्थ दोघांचा एकच, वरून देखरेख करणारा. मग भांडण कशाचे? भांडण शब्दाला चिकटलेल्या वैभवाचे होते. वेस्लींनी तो शब्द जाणूनबुजून टाळला होता. अमेरिकेतल्या मंडळींना मात्र तो सोपा वाटला आणि १७८७ मध्ये त्यांच्या नियमावलीत सुपरिंटेंडंटचा बिशप झाला. त्याच वर्षी वेस्लींची आज्ञा पाळण्याचे वचनही त्यांनी काढून टाकले.

सप्टेंबर १७८८ मध्ये वेस्लींनी पत्र लिहिले. त्या पत्रात संताप आहे आणि दुखावलेल्या बापाचा गहिवरही आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की मी लहान व्हायला धडपडतो आणि तुम्ही मोठे व्हायला. मला कुणी लफंगा म्हटले तरी चालेल, पण बिशप म्हणवून घेणे मला सोसवणार नाही आणि तुम्हीही ते सोडावे. कोक आणि ॲस्बरी यांची नावे जोडून मेरीलँडमध्ये 'कोक्सबरी' कॉलेज काढले होते, त्याचाही त्यांनी समाचार घेतला. (ते कॉलेज १७९५ मध्ये आगीत भस्म झाले.) ॲस्बरीने रोजनिशीत इतकीच नोंद केली, की जिवलगाच्या हातून कडू औषध घ्यावे लागले. पदवी त्याने सोडली नाही.

कोण बरोबर होते? मी आयुष्य बँकेत काढले. टेबलावरची पाटी बदलली की माणसाचा आवाज बदलतो, हे तिथे पुष्कळ पाहिले. पण शाखेचा खरा कारभारी कोण हे पाटीवरून कधीच कळत नाही. तिजोरीच्या किल्ल्या कुणाच्या कमरेला आहेत, त्यावरून कळते. वेस्लींनी पदवी नाकारली, पण इंग्लंडातल्या सगळ्या मेथडिस्ट उपदेशकांच्या बदल्या अखेरपर्यंत त्यांच्याच हाती होत्या. त्यांच्या रागात नम्रता होती, तशी निसटत्या सत्तेची खंतही होती. आणि बिशप झालेल्या ॲस्बरीच्या कमरेलाही त्याच किल्ल्या आल्या.

त्या किल्ल्यांवरून १७९२ मध्ये मोठी फूट पडली. जेम्स ओकेली नावाच्या ज्येष्ठ उपदेशकाने मागणी केली, की बिशपने केलेली नेमणूक अन्यायाची वाटली तर परिषदेकडे दाद मागता यावी. राजाला झुगारून दिलेल्या देशात ही मागणी काही अवाजवी नव्हती. ती फेटाळली गेली आणि ओकेली आपली माणसे घेऊन निघून गेला. ॲस्बरीचा हट्टीपणा इथे झाकता येत नाही. पुढे १८०२ मध्ये ओकेली आजारी असल्याचे कळले, तेव्हा दोघे भेटले, प्रार्थना करून शांतपणे निरोप घेतला. फूट मात्र सांधली गेली नाही.

घोड्यावरचे सिंहासन

मग या बिशपपदाचे त्याने केले काय? सुरुवातीला काही दिवस त्याने काळा झगा घातला होता. तो पाहून जेसी ली नावाचा तरुण उपदेशक चपापला. पुढे तो झगा सुटला. राहिला एक घोडा आणि खोगिराची पिशवी. ॲस्बरीला घर नव्हते, बायकामुले नव्हती. पंचेचाळीस वर्षांत त्याने सुमारे २ लाख ७० हजार मैल मजल मारली आणि सोळा हजारांच्या आसपास प्रवचने केली, असा हिशेब त्याचे चरित्रकार मांडतात. ॲलेघेनी पर्वत त्याने साठेक वेळा ओलांडला. दमा, ताप, सांधेदुखी हे कायमचे सोबती. वर्षाचा पगार १८०० सालापर्यंत चौसष्ट डॉलर, नंतर ऐंशी. अगदी काल भरती झालेल्या उपदेशकालाही तेवढाच. बिशपच्या पदवीला एक पैचा भत्ता जोडलेला नव्हता, आणि बिकट वाटेवर पाठवलेल्या माणसाला हे ठाऊक असे, की आपल्याला पाठवणारा स्वतः याहून बिकट वाटेवर गेलेला आहे.

डॉ. कोकची गोष्ट याच्या शेजारी ठेवून पाहावी. कोक उदार होता. धर्मप्रसारासाठी त्याने आपली संपत्ती ओतली. पण खऱ्याखुऱ्या बिशपपदाची ओढ त्याला सुटली नाही. १७९१ मध्ये त्याने अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चच्या बिशपना गुपचूप पत्र लिहून एकीकरणाची बोलणी चालवली. १८१३ मध्ये हिंदुस्थानासाठी बिशप नेमायचे ठरले, तेव्हा त्याने स्वतःचे नाव पुढे करून पाहिले. ते जमले नाही. मग तो साधा मिशनरी म्हणून सोबत्यांसह सिलोनला निघाला आणि मे १८१४ मध्ये वाटेतच जहाजावर वारला. हिंदी महासागरात त्याला जलसमाधी मिळाली. त्याचे पोरके झालेले सोबती त्याच महिन्यात उतरले ते आपल्या मुंबई बंदरात, आणि तिथून पुढे सिलोनला गेले.

त्याच शब्दाची दुसरी बाजू

एवढ्यावरून पदव्या म्हणजे निव्वळ पोकळ डौल, असे म्हणून मोकळे होता येत नाही. फिलाडेल्फियात रिचर्ड ॲलन नावाचा कृष्णवर्णीय उपदेशक होता. जन्माने गुलाम, स्वतःच्या कष्टाने पैसे भरून सुटलेला. गोऱ्यांच्या चर्चमध्ये मिळालेल्या वागणुकीला विटून त्याने आपल्या बांधवांसाठी बेथेल चर्च उभारले. १७९४ मध्ये त्याच्या उद्‌घाटनाला ॲस्बरी गेला आणि १७९९ मध्ये त्याने ॲलनला 'सेवक' म्हणून दीक्षा दिली. गुलामगिरीविरुद्ध ॲस्बरी आयुष्यभर ठाम राहिला असे मात्र नाही. १७८५ मध्ये कोकसह जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या घरी जाऊन त्याने गुलाममुक्तीच्या अर्जावर सही मागितली होती. पण मळेवाल्यांचा रोष दिसताच चर्चने आपले कडक नियम मागे घेतले आणि ॲस्बरीने ते चालू दिले.

२४ मार्च १८१६ रोजी रिचमंडला त्याला उचलून आणून बसवावे लागले. तेच त्याचे शेवटचे प्रवचन. ३१ मार्चला, रविवारी, व्हर्जिनियातल्या एका परक्या घरात त्याने डोळे मिटले. तो आला तेव्हा अमेरिकेत जेमतेम सहाशे मेथडिस्ट होते. गेला तेव्हा दोन लाखांवर.

त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, ११ एप्रिलला, फिलाडेल्फियात ॲलनच्या मस्तकावर हात ठेवले गेले. कृष्णवर्णीयांच्या नव्या स्वतंत्र चर्चचा तो पहिला बिशप झाला. ज्याला एके काळी बाजारात किंमत लावली जात होती, त्याला आता लोक बिशप म्हणू लागले. वेस्लींना ज्या शब्दात गर्व दिसला, त्याच शब्दात त्या दिवशी शेकडो माणसांना आपली मान ताठ झाल्यासारखे वाटले असेल. पदवी कुणी दिली, कुणाला दिली आणि ती घेऊन तो कुठे गेला, यावर तिचा अर्थ ठरतो.

भांडण अजून पुरते मिटलेले नाही. ब्रिटनमधले मेथडिस्ट आजही बिशपविना आहेत. ते दर वर्षी परिषदेचा अध्यक्ष निवडतात. अमेरिकन शाखेत बिशप आहेत. १८७१ मध्ये विल्यम टेलर मुंबईत आले आणि इथल्या मेथडिस्ट मंडळ्या त्या अमेरिकन शाखेतून वाढल्या, म्हणून आपल्याकडच्या मेथडिस्टांनाही बिशप आहेत. त्यांच्या नावामागे तो शब्द लागतो तेव्हा त्यात वेस्लींचा राग असतो, ओकेलीची तक्रार असते आणि ॲलनचा अभिमानही असतो.

वॉशिंग्टन शहरात १९२४ मध्ये ॲस्बरीचा पुतळा बसवला. बिशपला शोभेलसे उंच आसन त्यात नाही. थकलेला घोडा आहे आणि त्यावर थकलेला स्वार. शिल्पकाराला त्या पदवीचा अर्थ बरोबर कळला होता.