बाखची शिकवण

संगणकाची आज्ञावली लिहिताना मला खरा गुरू लाभला तो जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख. १६८५ साली आयझेनाख येथे जन्मलेला हा मुलगा दहा वर्षांचा होण्याआधीच पोरका झाला. थोरल्या भावाने त्याला सांभाळले. १७२३ मध्ये तो लाइपझिगला आला. तेथे पहिली काही वर्षे जवळजवळ दर रविवारी चर्चसाठी नवी रचना हवी असे, आणि रविवार काही थांबत नसे! म्हणून १७३४ च्या ‘ख्रिसमस ऑरेटोरिओ’तही त्याने आपल्या कसाला उतरलेल्या जुन्या रचना नव्या शब्दांसह वापरल्या. त्याच्या फ्यूगमध्ये एकच छोटी स्वरावली निरनिराळे आवाज पाळीपाळीने उचलतात. प्रत्येक स्वतंत्र, तरी नियमाने बांधलेला. १७५० मध्ये तो गेला. ‘आर्ट ऑफ फ्यूग’ अपुरा राहिला. त्यातला पुरा झालेला प्रत्येक फ्यूग मात्र आजही स्वतःच्या पायावर उभा आहे. मित्रहो, आपल्या आज्ञावलीचा प्रत्येक भाग असाच असावा!