पांजरापोळाचे आद्य प्रवर्तक : श्रेष्ठिवर्य मोतीशा शेठ

मोतीशा शेठ हे नाव आपल्या समाजातील लहान मुलांच्याही कानावर असते. न्हवणाच्या वेळी म्हटल्या जाणाऱ्या एका स्तवनात त्यांचा उल्लेख येतो. कार्तिकी पौर्णिमेला ज्यांना शत्रुंजयास जाणे जमत नाही, ते भाविक भायखळ्याच्या आदीश्वर जिनालयात यात्रेचे पुण्य जोडतात, आणि ते जिनालय शेठांनीच उभारलेले आहे. पालिताण्यास गेलेल्यांनी मोतीशा टूक डोळे भरून पाहिलेली असते. परंतु जिनालयांचा निर्माता म्हणून शेठ जितके परिचित आहेत, तितके मुक्या जीवांचे आश्रयदाते म्हणून नाहीत. मुंबईतील पशुसेवेचा आणि पुढे पशुवैद्यकाचाही इतिहास ज्या वळणावरून पुढे गेला, तेथे मोतीशा शेठ उभे होते. त्यांच्या चरित्राचा हा भाग सविस्तर सांगावा, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

शेठांचा जन्म १७८२ साली झाला. पिता अमीचंद साकरचंद, माता रूपाबाई. घराणे मूळचे खंभातचे, ज्ञातीने ओसवाल. खंभातचा हा धागा महत्त्वाचा वाटतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस राल्फ फिच हा इंग्रज प्रवासी त्या बंदरात आला, तेव्हा लंगडी कुत्री, मांजरे आणि पक्षी यांच्यासाठी तेथे रुग्णालये असल्याचे पाहून तो थक्क झाला. १६२३ मध्ये पिएत्रो देल्ला वाल्ले या इटालियन प्रवाशाने तेथेच पक्ष्यांचे रुग्णालय पाहिले. आई गमावलेली उंदरांची इवली पिल्ले कापसात ठेवून, चष्मा लावलेला एक पांढऱ्या दाढीचा वृद्ध त्यांना पिसाच्या टोकाने दूध पाजीत होता, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. या परदेशी पाहुण्यांना त्यात विक्षिप्तपणा दिसला. आपल्याला त्यात शुश्रूषेचे कौशल्य दिसावयास हवे. नवजात जीवाला ऊब आणि थेंबाथेंबाने अन्न देणे, याखेरीज आजचा पशुवैद्य तरी आरंभी वेगळे काय करतो? ज्या गावात ही परंपरा रुजलेली होती, त्या गावाचे संस्कार घेऊन अमीचंद शेठांचे घराणे मुंबईस आले.

त्या काळची मुंबई म्हणजे गोदी, गलबते आणि व्यापार. मोतीचंदांनी सचोटी आणि धाडस यांच्या बळावर अल्पावधीत मोठे नाव मिळविले. सर जमशेटजी जीजीभाई आणि गोव्याच्या घराण्यातील रॉजर द फारिया यांच्याबरोबरीने ते चीनच्या व्यापारातील अग्रगण्य व्यापारी गणले गेले. या व्यापाराचा मोठा भाग माळव्याच्या अफूचा होता, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. सन्मानलेखांत ही बाब बहुधा वगळली जाते. तेव्हाच्या कायद्याने आणि व्यापारी रीतीने तो धंदा प्रतिष्ठितच होता. कंपनी सरकारही त्यावर पोसले जात होते. तरीही मुंबईच्या जखमी बैलापर्यंत पोचलेली करुणा दूर कँटनमधील व्यसनी माणसापर्यंत पोचली नाही, हे सत्य आहे. मोठ्या माणसाचे चरित्र सांगताना ते झाकल्याने त्याची उंची वाढत नाही.

मिळविलेले धन त्यांनी साठवून ठेवले नाही. भायखळ्याच्या जिनालयाची प्रतिष्ठा विक्रम संवत १८८५ मध्ये झाली. पंडित वीरविजयजी महाराजांनी शेठांच्या धर्मकार्यावर ढाळिये रचली. आपल्या भागास जवळचे म्हणजे आगाशीचे श्री मुनिसुव्रत स्वामींचे तीर्थ. मीरा रोडच्या नया नगर परिसरातून लोकलने निघावे, भाईंदरची खाडी ओलांडून विरारला उतरावे आणि पश्चिमेस आगाशीला जावे. आपल्यापैकी अनेक कुटुंबे वर्षातून एकदा तरी हा प्रवास करतात. तेथील जिनालयही मोतीशा शेठांच्याच नावाशी जोडलेले आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. मुंबईतील मोकाट कुत्री मारण्याचा नियम कंपनी सरकारने १८१३ पासून अमलात आणला होता. वर्षातील ठरावीक काळात पोलीस शिपायांनी कुत्री मारावीत आणि प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे इनाम घ्यावे, अशी व्यवस्था होती. इनामाच्या लोभाने शिपाई घरांच्या आवारात शिरून पाळीव कुत्रीही मारू लागले. १८३२ साली हा काळ वाढविण्यात आला आणि जूनमध्ये लोकांचा संयम सुटला. कुत्र्याला पवित्र मानणारे पारशी बांधव प्रथम रस्त्यावर उतरले. हिंदू, जैन आणि इस्माइली मुसलमान त्यांना मिळाले. दुकाने बंद झाली, किल्ल्यातील साहेबांच्या स्वयंपाकघरांत पाव आणि मांस पोचेना, लष्कर बोलवावे लागले. मुंबईच्या इतिहासातील हा पहिला मोठा हरताळ मुक्या प्राण्यांसाठी झाला. निरनिराळ्या धर्मांची माणसे शेजारी शेजारी राहणाऱ्या आपल्या उपनगरातील वाचकांना या घटनेचे विशेष वाटेल.

दंगा शमला, धरपकड झाली. पण प्रश्न तसाच राहिला. कुत्री मारावयाची नाहीत, तर ठेवावयाची कोठे? हा प्रश्न केवळ कुत्र्यांचा नव्हता. गोदीपासून वखारीपर्यंत माल ओढणारे बैल थकले की त्यांचे काय, आटलेल्या गाईम्हशींचे काय, असे प्रश्न वाढत्या शहरात रोज उभे राहत. निषेध करणे सोपे असते, पर्याय उभा करणे कठीण. सर जमशेटजी जीजीभाई आणि मोतीशा शेठ या दोघांनी पुढाकार घेऊन १८३४ साली मुंबई पांजरापोळाची स्थापना केली. भुलेश्वरजवळ, आज सी. पी. टँक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात ती संस्था उभी राहिली. एक पारशी आणि एक जैन, एक अग्निपूजक आणि एक जिनभक्त, यांनी मिळून ती उभी केली.

देणगी देणारे श्रीमंत त्या काळीही पुष्कळ होते. या योजनेचे वेगळेपण तिच्या अर्थव्यवस्थेत होते. जनावर रोज खाते. एकदा दिलेली रक्कम कितीही मोठी असली, तरी गोठ्यातील दावणीपुढे ती वितळते. म्हणून व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या उलाढालीवर स्वेच्छेने एक लहानसा लागा बसवून घेतला आणि त्याचे उत्पन्न पांजरापोळास लावून दिले. व्यापार चालू आहे तोवर चारा चालू राहील, अशी ती रचना होती. व्यापारी मनाची ही खरी करामत. पशुसेवेचा पाया भावनेवर न ठेवता हिशेबाच्या वहीवर ठेवणे हे ज्यांना सुचले, त्यांची दूरदृष्टी मान्य करावीच लागते.

याचे महत्त्व पशुवैद्यकाच्या दृष्टीने पाहिले म्हणजे अधिक कळते. माणसाचा रोगी स्वतः किंवा त्याचे आप्त औषधाचे पैसे देतात. जनावराचा वैद्य मात्र प्रथम जनावराची किंमत विचारतो, कारण मालकही तोच विचार करीत असतो. दुभती म्हैस आजारी पडली तर उपचार होतात. भाकड गाय, पाय मोडलेला बैल, आंधळे घोडे यांच्या औषधाचा खर्च त्यांच्या बाजारभावापेक्षा अधिक होतो, आणि तेथे उपचार थांबतात. ज्याची किंमत शून्य झाली आहे, अशा रोग्याचे देणे कोण देणार? मोतीशा शेठांच्या पांजरापोळाने या एका प्रश्नाचे उत्तर दिले. मराठी बोलण्यात निरुपयोगी माणसांच्या जमावाला थट्टेने पांजरपोळ म्हटले जाते. थट्टा असो, पण निरुपयोगी ठरलेल्यालाही जगण्याचा हक्क आहे, हेच तर त्या संस्थेचे म्हणणे होते.

मात्र आश्रय आणि उपचार या दोन भिन्न गोष्टी आहेत. १८३४ साली मुंबईत शास्त्रशुद्ध पशुवैद्यक शिकविणारी एकही शाळा नव्हती. पांजरापोळात चारा, पाणी, छप्पर मिळे; वैदू आणि अनुभवी गुराखी आपल्या परीने जखमा बांधीत. संसर्गाचे शास्त्र तर अजून जगातच जन्मास यावयाचे होते. बाहेरून आणलेले रोगी जनावर निरोगी जनावरांत बांधले, तर दयेपोटी आणलेला एक जीव दहांचा घात करू शकतो. बुळकांडीसारख्या रोगापुढे तेव्हाचा सारा देश हतबल होता. संस्थापकांना याचा दोष देता येत नाही. त्यांनी आपल्या काळातील ज्ञानाच्या अखेरच्या पायरीपर्यंत जाऊन काम केले.

पांजरापोळ स्थापन झाल्यावर शेठांना दोनच वर्षे लाभली. शत्रुंजयावरील दोन शिखरांमधली कुंतासरची खोल दरी भरून काढून तिच्यावर टूक उभारण्याचे काम त्यांनी हाती घेतले होते. प्रतिष्ठेपूर्वीच १८३६ साली त्यांचे देहावसान झाले. वय अवघे चौपन्न. १८३७ मध्ये पुत्र खीमचंदभाईंनी तो प्रतिष्ठा महोत्सव पार पाडला.

पांजरापोळात जे उणे होते, ते भरून निघण्यास अर्धे शतक लागले. १८७४ साली मुंबईत घोड्यांची ट्राम धावू लागली आणि त्याच वर्षी प्राण्यांवरील क्रौर्याचे निवारण करणारी मंडळी शहरात स्थापन झाली. पुढच्या दशकात सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी आपल्या पत्नीच्या नावे परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय उभारले. १८८६ साली त्याच्याच सान्निध्यात मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील हे लष्करी पशुवैद्य. ब्रह्मदेशातील खेचरांच्या सर्रा रोगावर त्यांनी संशोधन केले होते. पाच वर्षांतच, १८९१ मध्ये, ते तरुण वयात मुंबईत निवर्तले. तोवर हिंदी विद्यार्थी रुग्णालयाच्या गोठ्यात प्रत्यक्ष जनावरांवर शिकू लागले होते. तेव्हापासून तेथून बाहेर पडलेल्या पशुवैद्यांच्या पिढ्या महाराष्ट्राच्या गावोगावी पोचल्या. २००० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी हे महाविद्यालय आज संलग्न आहे.

परळची परंपरा उपचाराची आणि भुलेश्वरची आश्रयाची. पुष्कळ वर्षे या दोन्ही परंपरांनी एकमेकींकडे संशयाने पाहिले. असाध्य वेदनेत असलेल्या जनावराला मरण देणे हे पाश्चात्त्य पशुवैद्यकात कर्तव्य मानले जाते, तर पांजरापोळात अखेरच्या श्वासापर्यंत सेवा हे व्रत. हा मतभेद खरा आहे आणि शब्दांच्या कसरतीने तो मिटणारा नाही. पण जे मारणार नाहीत, त्यांच्यावर वेदना कमी करण्याची जबाबदारी दुप्पट येते, इतके तरी दोन्ही बाजूंनी मान्य व्हावे. मोठे जनावर एका कुशीवर पडून राहिले तर खालच्या बाजूचे स्नायू आणि नसा स्वतःच्याच वजनाने निकामी होतात. दर काही तासांनी त्याची कूस बदलावी लागते, खाली गवताची जाड गादी लागते. वृद्ध गाईच्या दाढा झिजलेल्या असतात. तिच्यापुढे कडब्याची आख्खी पेंढी टाकणे म्हणजे तिला उपाशी ठेवणे. शहरातील गाईच्या पोटात प्लास्टिकच्या पिशव्यांचा गोळा असतो, कधी तारेचा तुकडा जठरातून हृदयाकडे सरकत असतो. तेथे शस्त्रक्रिया लागते, केवळ हिरवा चारा नव्हे.

ज्ञानावाचून दया कशी उलटते, याचे एक उदाहरण आपल्याच काळातले आहे. वृद्ध जनावरांच्या सांधेदुखीवर डायक्लोफेनॅक हे औषध सर्रास दिले जाई. हेतू निर्मळ होता. परंतु असे जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे त्या औषधाने निकामी होत आणि काही वर्षांत देशातील गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली. २००६ साली पशूंसाठी या औषधावर बंदी आली. गिधाडांना अपाय न करणारे मेलॉक्सिकॅम उपलब्ध आहे. पांजरापोळाच्या औषधाच्या कपाटात काय ठेवले आहे, हे विश्वस्तांनी स्वतः पाहावे, असे सुचवावेसे वाटते.

याउलट विज्ञानाचे यशही तितकेच मोठे. बुळकांडीचा आपल्या देशातील अखेरचा रोगी १९९५ सालचा. २०११ मध्ये तो रोग साऱ्या जगातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. २०२२ साली लम्पी चर्मरोगाची साथ महाराष्ट्रात आली, तेव्हा शासनाच्या पशुवैद्यांनी गावोगावी फिरून गोवंशाला मोफत लस टोचली. अशा साथीत गोशाळा आणि पांजरापोळ यांची खरी कसोटी लागते, कारण तेथे अशक्त जनावरे दाटीने राहतात. नवीन आलेल्या जनावराला पहिले काही आठवडे वेगळ्या गोठ्यात बांधणे, कानातील बिल्ल्याच्या क्रमांकावर लसीची नोंद ठेवणे, माश्या आणि गोचिडांचा बंदोबस्त करणे, ही कामे कोणत्याही फलकावर कोरली जात नाहीत. त्यांसाठी स्वतंत्र गोठा लागतो, नोंदवही लागते आणि पगारी पशुवैद्य लागतो. आणि मोतीशा शेठांनी लागा बसविला, तो अशाच रोजच्या खर्चासाठी.