डॉ. रखमाबाई : वेदनेशी वैर

सुरतेचे नाव निघाले की मराठी मनाला प्रथम आठवते ती शिवछत्रपतींची स्वारी. परंतु याच तापीकाठच्या नगरीत एका मराठी स्त्रीने वीसाहून अधिक वर्षे राहून निराळ्याच शत्रूशी झुंज घेतली, हे आमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. ती स्त्री म्हणजे डॉ. रखमाबाई, आणि तो शत्रू म्हणजे माणसाचे दुखणे.

रखमाबाईंचा जन्म मुंबईस २२ नोव्हेंबर १८६४ रोजी झाला. वडील जनार्दन पांडुरंग लवकरच वारले. आई जयंतीबाई यांनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला, त्यामुळे वैद्यकाचे वारे रखमाबाईंना घरातच लागले. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. वयात आल्यावर हे न कळत्या वयात लादलेले लग्न मानण्यास त्यांनी नकार दिला. १८८४ पासून चार वर्षे तो खटला गाजला. १८८७ साली न्यायालयाने नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असा हुकूम केला, तेव्हा रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दर्शविली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी तडजोड केली. ही कथा सर्वश्रुत आहे. तिचा विस्तार येथे करीत नाही.

१८८९ साली त्या विलायतेस गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत शिकल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी त्या सुरतेस आल्या. येथे मोरारभाई व्रजभूषणदास माळवी यांच्या नावाच्या स्त्री-रुग्णालयाची जबाबदारी त्यांच्यावर पडली. पण रुग्णालय असून रोगी येईनात! बाळंतपणासाठी दवाखान्यात जाणे म्हणजे मरणाच्या दारी जाणे, अशी बायकांची समजूत. तेव्हा रखमाबाईंनी एक गाभण शेळी रुग्णालयात आणून तिची सुटका सुखरूप करून दाखविली, असे सांगतात. आम्हांला ही युक्ती मोठमोठ्या व्याख्यानांहून शहाणपणाची वाटते. पुढे प्लेग आला, छप्पनचा दुष्काळ आला; त्या शहर सोडून गेल्या नाहीत.

त्या काळी पश्चिम हिंदुस्थानात दुखण्यावर घरोघरी एकच तोडगा असे, तो अफूचा. रडणाऱ्या तान्ह्या मुलास आया अफूची बाळागोळी चाटवीत आणि स्वस्थ कामाला लागत; मात्रा थोडी चुकली की मूल पुन्हा उठतच नसे. डॉक्टरांच्या पेटीतही अफूच होती, पण शुद्ध केलेली व मोजलेली. जर्मनीत सेर्टुर्नर नावाच्या तरुण औषध-विक्रेत्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अफूतून मॉर्फिन वेगळे काढले होते. त्यामुळे वेदना किती आणि औषध किती, याचा हिशेब प्रथमच करता येऊ लागला. एकाच झाडाचा चीक एकाच्या हाती विष ठरे, तर दुसऱ्याच्या हाती उतारा.

सुरतेनंतर रखमाबाईंनी राजकोटच्या स्त्री-रुग्णालयात सेवा केली आणि मग त्या मुंबईस परतल्या. जन्मभर दुसऱ्यांची दुखणी निवारणाऱ्या या बाईंना उतारवयात फुफ्फुसाचा कर्करोग झाला आणि २५ सप्टेंबर १९५५ रोजी नव्वदीत त्यांचे देहावसान झाले.

त्यानंतर तीनच वर्षांनी, ज्या लंडनमध्ये त्या शिकल्या त्याच लंडनमध्ये, सिसिली सॉण्डर्स नावाच्या दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेतील रोग्यांचा अभ्यास आरंभिला. तोवर बहुतेक ठिकाणी रोगी कळवळेपर्यंत मॉर्फिन देत नसत, व्यसन जडेल ही भीती. सॉण्डर्सबाईंनी ते घड्याळाप्रमाणे, वेदना उसळण्यापूर्वीच द्यावयाचा पाठ घातला. साध्या गोळीचा गुण सुमारे चार तास टिकतो, म्हणून दर चार तासांनी मात्रा. रात्रीही खंड नाही. असे नेमाने दिले की रोगी गुंगीत पडून न राहता घरच्यांशी बोलू लागतो. बद्धकोष्ठ मात्र हटकून होते, त्यासाठी सोबत सारक द्यावे लागते. शरीराला औषधाची सवय होणे आणि मनाला व्यसन लागणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हेही या अनुभवातून कळले. १९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेने हीच रीत पायरीपायरीने सांगितली : दुखणे सौम्य असेल तर साधे वेदनाशामक, वाढले तर सौम्य अफूजन्य औषध, आणि असह्य झाले तर मॉर्फिन.

आणि आपल्याकडे काय झाले? जगात कायद्याने अफूचा चीक काढणारे देश अगदी थोडे, त्यांत हिंदुस्थान अग्रभागी. सुरतेहून फार दूर नसलेल्या माळव्यात, नीमचला, अफूपासून औषधे काढण्याचा सरकारी कारखाना आहे. तरीही १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याचा धाक एवढा बसला की रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. एका बाटलीसाठी अनेक खात्यांचे परवाने. चूक झाली तर तुरुंग. शेतात चीक गळत होता आणि खाटेवर माणसे तळमळत होती. डॉक्टरांनी व काही जागरूक नागरिकांनी वर्षानुवर्षे खटपट केली, तेव्हा २०१४ साली संसदेने तो कायदा सुधारला आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांना राज्याच्या औषध-नियंत्रकाच्या एकाच मंजुरीने मॉर्फिन ठेवण्याची वाट मोकळी झाली.