दोनशे निबंध आणि सुपारीचं खांड

आमच्या शहाडच्या सोसायटीतली एक मुलगी आरोग्य विषयात पीएच.डी. करतेय. तिच्याकडून मला ‘सायटेशन’ हा शब्द कळला. आपला शोधनिबंध छापून आला की इतर शास्त्रज्ञ आपल्या लिखाणात त्याचा दाखला किती वेळा देतात, त्याची ही मोजदाद. नोकरी, बढती सगळं म्हणे त्या आकड्यावर अडतं. ते ऐकताना मला डॉ. कमल रणदिवे आठवल्या. कॅन्सर आणि कुष्ठरोगावर दोनशेहून जास्त शोधनिबंध त्यांच्या नावावर आहेत.

१९१७ साली पुण्यात जन्मलेली ही समर्थांची कमल. हुजूरपागा, मग फर्ग्युसन. वडील तिथेच जीवशास्त्राचे प्राध्यापक. लेकीनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, अशी त्यांची फार इच्छा. लेकीनं दोन्ही केलं नाही! १९३९ मध्ये गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिव्यांशी लग्न केलं, आणि लग्नानंतर चार वर्षांनी एम.एस्सी. पूर्ण केलं. नवऱ्याची साथ होती, हे खरंच. पण त्या काळी संसार सांभाळून शिकणं काय असेल, ते मैत्रिणींनो, तुम्हाला सांगायला नको.

मुंबईत टाटा हॉस्पिटलात डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली त्या संशोधन करू लागल्या. १९४९ मध्ये पीएच.डी. झाली. मग अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात पेशी वाढवायचं तंत्र शिकल्या आणि परत येऊन मुंबईत त्याची प्रयोगशाळा उभी केली. स्तनाच्या कॅन्सरचा हार्मोन्सशी आणि विषाणूशी काय संबंध, हे त्यांनी उंदरांवर तपासलं. १९६६ ते ७० इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरचं संचालकपदही त्यांनी हंगामी म्हणून सांभाळलं.

१९५८ साली बापट, रणदिवे आणि खानोलकर यांचा एक छोटा निबंध भारतातल्याच एका नियतकालिकात आला. कुष्ठरुग्णाच्या शरीरातून मिळालेला जंतू प्रयोगशाळेत वाढवल्याबद्दलचा. पहिलं नाव बापटांचं, बाईंचं दुसरं. पुढे त्याच जंतूपासून दुसऱ्या शास्त्रज्ञांनी लस तयार केली. १९९८ मध्ये दक्षिण भारतातल्या मोठ्या चाचणीचे निकाल आले, तेव्हा या लसीनं सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचं दिसलं. चाळीस वर्षांनी! दाखले मोजायची सूचीसुद्धा अमेरिकेत १९६४ साली निघाली, म्हणजे निबंधानंतर सहा वर्षांनी.

पण मला त्यांचं जवळचं वाटतं ते सुपारीवरचं काम. आमच्या थोरल्या जाऊबाई मिश्री लावायच्या आणि जेवण झालं की सुपारीचं खांड गालात. तोंड उघडेना झालं तेव्हा शहाडहून लोकलनं त्यांना परळला टाटात नेत होतो. तंबाखू वाईट हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, सुपारीला मात्र कुणी नावं ठेवत नव्हतं. ती तर देवापुढे ठेवायची, हळदीकुंकवाला ओटीत घालायची वस्तू! रणदिवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुपारी आणि तंबाखूचे प्राण्यांवर प्रयोग केले आणि १९७६ मध्ये ते कॅन्सरच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं १९८५ मध्ये तंबाखूच्या पानाला दोषी ठरवलं, पण बिनतंबाखूच्या पानाबद्दल पुरेसा पुरावा नाही म्हणाली. २००४ च्या अहवालात मात्र नुसती सुपारीही कॅन्सरकारक ठरली. त्यामागे अनेक देशांतल्या रुग्णांचा अभ्यास होता, सगळं श्रेय एका निबंधाचं नाही. तरी त्या जाडजूड अहवालात रणदिव्यांच्या कामाचा दाखला आहे. या एका दाखल्याचं वजन किती धरायचं, ते मला मोजणाऱ्यांनी सांगावं.

तोवर बाई राहिल्या नव्हत्या. २००१ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं होतं. त्याआधी १९७३ मध्ये अकरा सहकाऱ्यांबरोबर त्यांनी भारतीय महिला शास्त्रज्ञांची संघटना काढली. तिचं घर वाशीला. प्रयोगशाळेतून घरी धावत सुटणाऱ्या बायकांचं दुखणं त्यांना बरोबर कळलं असावं, कारण तिथे नोकरदार बायकांसाठी वसतिगृह आहे आणि लहान मुलांसाठी पाळणाघरही.

सत्तरी ओलांडल्यावर त्या काय करत होत्या? तर नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा करत होत्या. राजूरच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर.