दुकानदार जॉन वुलमन

प्रार्थनामंदिरातील धर्म निराळा आणि दुकानातील धर्म निराळा, अशी सोयीची समजूत सर्वच पंथांच्या अनुयायांत आढळते. ही समजूत ज्याने आपल्या आचरणाने खोटी पाडली, अशा एका ख्रिस्ती व्यापाऱ्याचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

जॉन वुलमन याचा जन्म इ. स. १७२० साली न्यू जर्सी या अमेरिकेतील तत्कालीन इंग्रजी वसाहतीत, एका क्वेकरपंथी शेतकऱ्याच्या घरी झाला. तरुणपणी तो माउंट हॉली गावी एका दुकानात हिशेबनीस म्हणून राहिला. त्या काळी तेथे माणसांची खरेदीविक्री कायदेशीर होती व खुद्द क्वेकर गृहस्थांच्या घरीही गुलाम राबत. एके दिवशी धन्याने आफ्रिकी वंशाची एक स्त्री विकली व तिचे खरेदीखत लिहिण्यास त्यास सांगितले. गिऱ्हाईक समोर खोळंबले होते. वुलमनने खत लिहून दिले. मात्र हा व्यवहार ख्रिस्ती धर्माशी विसंगत असल्याचे त्याने त्या दोघांच्या तोंडावर सांगितले. तेवढ्याने त्याच्या मनास स्वस्थता लाभली नाही. पुढे अशी खते लिहिण्याचे त्याने साफ नाकारले.

दस्तऐवज लिहिण्याचा ज्यांचा धंदा आहे, त्यांनी पुढील गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. एका जखमी शेजाऱ्याने मृत्युपत्र लिहिण्यास त्यास सांगितले. वुलमनने सर्व मजकूर लिहिला, पण गुलाम मुलगी कोणा अपत्यास द्यावयाची तो भाग कोरा ठेवला. आणि लिहिल्याचा मोबदला नको, परंतु एवढे आपल्या हातून होणार नाही, असे नम्रपणे कळविले. बराच वेळ बोलणे झाल्यावर शेजाऱ्याने त्या मुलीस मुक्त करण्याचे कबूल केले, तेव्हा मृत्युपत्र पुरे झाले.

पुढे त्याने स्वतःचे दुकान घातले व ते भरभराटीस आले. गरीब गिऱ्हाइकांस तो उपयोगी व स्वस्त माल घेण्याचा सल्ला देई. कारण ऐपतीबाहेर खरेदी करून लोक कर्जात बुडतात, हे त्याने पाहिले होते. व्यापार वाढू लागला, तसा तो आपले सारे चित्त खाऊन टाकील अशी धास्ती त्यास वाटली. १७५६ साली त्याने गिऱ्हाइकांस दुसरीकडे जाण्यास सांगून दुकान बंद केले आणि शिवणकाम व फळबाग यांवर बायको-मुलीचा चरितार्थ चालविला. गुलामांच्या श्रमाची साखर त्याने वर्ज्य केली, रंगविलेली वस्त्रे टाकली आणि प्रवासात गुलामांनी सेवा केली असता त्यांच्या हाती तो दाम ठेवी. १७७२ साली इंग्लंडात, यॉर्क शहरी, देवीच्या रोगाने त्याचा अंत झाला. त्यानंतर चारच वर्षांनी, १७७६ साली, फिलाडेल्फियाच्या क्वेकर वार्षिक सभेने गुलाम बाळगणाऱ्यास पंथात स्थान नाही, असा नियम केला. त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन धरलेल्या आग्रहाचे हे फळ होय.

वुलमनने संसार सोडला नाही, वनवास पत्करला नाही. कायद्यास मान्य असलेला नफादेखील श्रद्धेस मान्य आहे काय, एवढाच प्रश्न तो रोज स्वतःस विचारी. आमच्या व्यापारी बंधूंचा धर्म कोणताही असो. आपल्या वहीतील कोणती रक्कम दुसऱ्याच्या दैन्यावर उभी आहे, हे दिवसाअखेर जमाखर्च मांडताना एकवार पाहण्यास कोणत्याच धर्माची हरकत नाही. ते पाहिल्यावर मात्र लेखणी थांबविण्याचे धैर्य हवे. ते धैर्य ज्यास नाही, त्याने आपल्या भक्तीची फुशारकी मारू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.